लीकवरचं कव्हेनंट

आमच्या रेवनशॉ गावात नव्या वर्षाचा पहिला रविवार कव्हेनंटचा असतो. खाणीवरची माणसं पांढऱ्या कॉलरी लावून चॅपेलमध्ये जमतात आणि देवाशी पुन्हा एकदा स्वतःला शब्दानं बांधून घेतात. पाद्री दर वर्षी तेच समजावून सांगायचे. सौदा वेगळा, कव्हेनंट वेगळं. सौद्यात तू दिलंस तर मी देईन. कव्हेनंटमध्ये तू चुकलास तरी मी सुटत नाही. माझे बाबा, हेडली स्ट्रॉन, सगळ्यांच्या आधी उभे राहायचे. त्यांचा आवाज खाणीत कमावलेला, चॅपेलच्या काचा थरथरायच्या. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटे. पुढे तोच शब्द त्यांनी माझ्या परसातल्या मातीवर आणून ठेवला, आणि तेव्हापासून त्या रविवारी माझं डोकं दुखतं.

मातीचं सांगायचं तर आधी लीकचं सांगायला हवं. लीक हा कांद्याच्या भावकीतला. दिसायला पातीच्या कांद्यासारखा, पण अंगानं पैलवान. बाहेरचे लोक तो खातात. आमच्याकडचे पुरुष तो वाढवतात आणि सप्टेंबरात कामगारांच्या क्लबच्या टेबलावर जोडीनं मांडतात. ज्याच्या जोडीचं पांढरं खोड सगळ्यांत जाड, तो वर्षभर छाती काढून चालतो. बायकोचा वाढदिवस विसरणारा माणूससुद्धा गेल्या दहा वर्षांतल्या विजेत्या लीकचा घेर झोपेत सांगेल. यात हसण्यासारखं काही नाही. जे जमिनीखाली अंधारात आयुष्य काढतात, त्यांना जमिनीवर काहीतरी वाढताना बघायचं असतं.

लीकला माती लागते आणि ती एका वर्षात होत नाही. मेंढ्यांच्या लेंड्या, धुराड्यातली काजळी, कुजवलेला पाला, आणि ज्याचं त्याचं एक गुपित. आमच्या आजोबांनी जन्मभर खपून असा एक चर भरला होता. त्या चरातली माती मुठीत दाबली की केकसारखी बसायची आणि बोट लावलं की मोकळी व्हायची. घरांच्या अख्ख्या रांगेत तशी माती नव्हती. तो चर होता बारा नंबरच्या घरामागे.

कोळसा मंडळानं कामगारांची घरं विकायला काढली, तेव्हा बाबांनी रांगेतली शेवटची दोन घेतली, अकरा आणि बारा. आई म्हणाली, "दोन पोरं, दोन घरं." अकरात ती दोघं राहणार आणि त्यांच्या मागे ते माझ्या धाकट्या भावाला, क्लिफला मिळणार. बारा मला, लग्नाच्या वेळी. बाबा खाणीत मुकादम असतील, घरात नव्हते. आईनं ठरवलं की ठरलं. बाबांनी एका संध्याकाळी ढकलगाडी काढून बाराची माती अकराकडे न्यायला सुरुवात केली, तर आईनं गाडीचं चाकच काढून पलंगाखाली ठेवलं.

आता क्लिफ. लीकचं सगळं शिक्षण क्लिफला मिळालं. शाळेतून आला की बाबा त्याला हाताला धरून चराशी नेत. रोप कसं धरायचं, पानाची धूळ कशी पुसायची, पाणी किती कोमट घालायचं. क्लिफ जांभया देत ऐकायचा, त्याचं मन मोटारसायकलींत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. हातात बटाटा, सोलायची सुरी, आणि पोटात आग. मला क्लिफचा राग नव्हता असं मी म्हणणार नाही. तो झोपला की त्याच्या अंथरुणात चिमूटभर खाजकुयली टाकावी, इतका होता.

सोळाव्या वर्षी मी बाबांनी उपटून फेकलेली तीन रोपं उचलली आणि कोळशाच्या खोपटामागे लावली. कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टपर्यंत ती अशी भरली की मलाच खरं वाटेना. एका दुपारी दुकानातून आले तर जागा रिकामी. आई चुलीपाशी उभी, पातेल्यात रस्सा उकळत होता.

"लीक कुठनं आणलेस?" मी विचारलं.

"तुझ्या बाबांनी दिले. म्हणाले, खोपटामागे उगवलेत, कामाचे नाहीत, रश्शात घाल."

बाबांनी तो रस्सा माझ्यासमोर बसून खाल्ला. कामाचे नाहीत, हे दोन शब्द माझ्या घशात काट्यासारखे अडकले ते कायमचेच.

डेनिसशी माझं लग्न ठरलं. डेनिस बस चालवतो, कमी बोलतो. घराचे कागद करायला आम्ही सगळे फेनविक वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी घसा खाकरला.

"या जमिनीवर लीक लावायचे नाहीत, वाढवायचे नाहीत. आज नाही आणि पुढेही कधी नाही."

"हे काय?" आई म्हणाली.

"कव्हेनंट आहे, मिसेस स्ट्रॉन. तुमच्या यजमानांनी घालायला सांगितलंय."

"देवाच्या घरातला शब्द भाजीपाल्यात कुणी आणला?"

फेनविक हसले. "शब्द तोच. आमच्याकडे तो जमिनीला लागतो. साधा करार ज्यानं सही केली त्याला बांधतो. हे कव्हेनंट मातीलाच चिकटून राहतं. उद्या थेल्मानं घर विकलं तर घेणाऱ्यालाही लागू. त्याच्या पोरांनाही."

"आणि सोडवायचं झालं तर?" डेनिसनं विचारलं. त्या महिन्यातलं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य असेल.

"अकरा नंबरचा जो मालक असेल, त्यानं लिहून दिलं तर सुटेल."

"तो लिहून देणार नाही," बाबा छताकडे बघत म्हणाले.

"हेडली!" आई म्हणाली. "पोरीच्या लग्नात असला आहेर करतात का?"

"घर देतोय की. जगात लीक सोडून भाज्याच नाहीत का? कोबी लाव म्हणावं."

मी सही केली. घर हवं होतं. पण पेन खाली ठेवताना मी मनाशी गाठ मारली. कधीतरी क्लबच्या त्या टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी लागेल, आणि तिच्याखालचा लीक बाबांच्या लीकपेक्षा जाड असेल. बाबांच्या डोळ्यांसमोर. मला दुसरं काही नको होतं.

तेव्हा बायकांना क्लबात आपल्या नावानं लीक मांडताच येत नसत. म्हणून आजोबांच्या चरात मी वाटाण्याची फुलवेल लावली. मुद्दाम उंच चढवली, बाबांच्या परसावर सावली पडावी म्हणून. अकरा आणि बाराच्या मध्ये कंबरेइतकी भिंत. बाबा पलीकडे त्यांच्या नव्या चरात खपत, मी अलीकडे फुलं तोडे. ते दर सप्टेंबरात पहिले किंवा दुसरे येत. क्लिफ नावाला त्यांच्या हाताखाली होता, पण मोटारसायकलवरून हिंडत होता. पुढे त्यानं लग्न केलं, शहरात गेला, बायको सोडून गेली, तो परत आला आणि किराणा दुकानावरच्या एका खोलीत राहू लागला. तरी बाबा चारचौघांत म्हणत, "लीकमधलं माझं सगळं क्लिफला ठाऊक आहे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आई गेली. दोन हिवाळ्यांनंतर क्लबनं ठराव केला, की बायकांनाही आपल्या नावानं लीक मांडता येतील. ठराव वाचला बाबांनीच, अध्यक्ष तेच होते. वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या एप्रिलात मी फुलवेल मुळासकट काढली. क्लिफ एका संध्याकाळी आला आणि कोटाच्या खिशातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं काढली.

"बाबांनी फेकलेली आहेत," तो म्हणाला. "तुला फेकलेली चालतात ना?"

"तू कशाला आणलीस?"

"गंमत बघायला."

मी ती भरदिवसा लावली. बाबा भिंतीशी आले, पाइप तोंडात.

"काय लावतेस?"

"कोबी."

त्यांनी रोपांकडे पाहिलं. "कोबी बारीक दिसतोय," म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी वकिलाचं पत्र येणार. आलं नाही. सगळा उन्हाळा गेला. रोज संध्याकाळी बाबा भिंतीशी यायचे, बघायचे, जायचे. आणि आजोबांच्या मातीनं इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या लीकना दिलं. जुलैत त्यांचे गळे माझ्या मनगटाएवढे, ऑगस्टमध्ये डेनिसच्या. डेनिसनं बाही वर करून स्वतः शेजारी हात धरला आणि म्हणाला, "बापरे."

प्रदर्शनाआधी क्लबची माणसं घरोघर फिरतात. ज्याला लीक मांडायचे, त्याच्या चरातल्या लीकच्या पानांवर रबरी शिक्का मारतात, म्हणजे कुणी दुसऱ्याचे लीक आपले म्हणून आणू नयेत. शिक्का नाही तर टेबलावर जागा नाही. त्या शनिवारी तिघं आले. बाबा, त्यांचा जुना दोस्त विल्फ, आणि शाईची पेटी धरून एक मुक्या चेहऱ्याचा चिटणीस. शिक्का बाबांच्या हातात.

बाबा चराच्या कडेनं चालत गेले. वाकले. शेवटच्या लीकभोवती त्यांनी पंजा आवळला. अंगठा बोटांना टेकला नाही. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"काय रे हेडली, पाठ धरली का?" विल्फ म्हणाला. "मार शिक्का. हे लीक बघून माझी तर भूकच मेली."

बाबा उभे राहिले. शिक्का त्यांनी खिशात घातला.

"या जमिनीवर लीक लावायचे नाहीत असं ठरलंय."

"अरे, पण पोरगी आहे तुझी!"

"म्हणून काय झालं? कव्हेनंट आहे. रविवारी चॅपेलमध्ये म्हणायचं आणि शनिवारी मोडायचं असं मला जमत नाही."

"देवाला यात ओढू नका, बाबा," मी म्हणाले. "सरळ सांगा, क्लिफसाठी करताय."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी परकी भाषा बोलले. मग ते फाटकातून निघून गेले. विल्फ टोपी चोळत मागे राहिला, काहीतरी पुटपुटला आणि तोही गेला.

संध्याकाळी क्लिफ आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. त्याच्यासमोरही एक आपटलं.

"ये, ये. युवराज आले. तुझ्यासाठी माझ्या चराला कुलूप लावलंय बापानं."

"माझ्यासाठी?" क्लिफ खुर्चीत बसला. "थेल्मा, तू इतकी हुशार, आणि इतकी वर्षं हेच धरून बसलीस? खोपटामागचे तुझे ते तीन लीक आठवतात?"

"कामाचे नव्हते ते."

"टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. बाबांनी तुझा एक मोजला, मग जाऊन आपला मोजला. मग परत येऊन तुझा मोजला. तुझा जाड होता. बरं, त्या साली पहिले बाबाच आले होते."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला म्हणाले, कुणाला बोललास तर चामडं लोळवीन. आणि उपटले." क्लिफ टेबलावरच्या ओरखड्यावर नख फिरवत होता. "माझ्या डोक्यावर हात ठेवून ते इतकं शिकवायचे, ते का माहितीये? मी कधी त्यांना हरवणार नव्हतो म्हणून. तुझ्या लीककडे ते ज्या नजरेनं बघत होते ना, त्या नजरेनं माझ्या कशाकडे त्यांनी एकदा बघावं, म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. मी जळायचो तुझ्यावर. आजही जळतो."

मी शालसुद्धा न घेता अकराच्या परसात गेले. बाबा काचघरात होते, रिकाम्या कुंड्या एकात एक घालत.

"खोपटामागचा माझा लीक तुमच्यापेक्षा जाड होता?"

त्यांनी मान वर केली नाही. "क्लिफला पोटात काही राहत नाही."

"जाड होता का?"

"होता."

"मग रश्शात का घातलात?"

"मला बघवेना." कुंडी खाली ठेवून त्यांनी हात पँटला पुसले. "काय सांगू, पोरी? मी त्या खाणीत कुणापुढे मान खाली घातली नाही. आणि माझीच फेकलेली रोपं, त्यांना पाणी कोण घालतंय, तर शाळेतली पोर. तिला कुणी शिकवलं नाही, काही नाही. पोटात असं दुखलं की दोन दिवस जेवण गेलं नाही. वर तुझ्या आईनं तो चर तुला दिला. माझ्या बापाचा चर आणि तुझा हात! नवऱ्याच्या नावानं मांडले असतेस, तर मला टेबलावर जागाच उरली नसती."

मला रडू यायला हवं होतं की हसू, कळेना. त्यांच्या तोंडून हे ऐकायला इतकं बरं वाटत होतं आणि त्यांचा गळा दाबावासाही वाटत होता.

"मग आता तरी सोडवा. एकदा समोरासमोर होऊ द्या. एकच सप्टेंबर."

"मी जिवंत असेपर्यंत नाही," बाबा म्हणाले, आणि पुढची कुंडी उचलली.

प्रदर्शनानंतर क्लबात म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी मोठ्या हंड्यात लीकचा रस्सा करतात. माझे लीक तिथे गेले. सगळे. बाबा त्या वर्षी पहिले आले होते. विजेत्याच्या खुर्चीत बसून त्यांनी दोन वाडगे खाल्ले आणि तिसरा मागितला. विल्फ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेडली, पहिल्या नंबरापेक्षा ही चव बरी आहे की नाही?" बाबांनी पावानं वाडगा पुसून घेतला.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. छातीतली खाणीची धूळ, दुसरं काय. काचघरात त्यांची नवी रोपं बोटभर वाढली होती.

दफनाच्या आदल्या दिवशी फेनविकनी मृत्युपत्र वाचलं. मोटार आणि किडूकमिडूक क्लिफला. अकरा नंबर मला.

"मला?" मी म्हणाले. "चूक झाली असेल."

"चूक नाही. गेल्या शरदात ते इथे आले होते. विचारलं, मी सही न करता हे कव्हेनंट कसं मरेल? मी म्हणालो, दोन्ही जमिनी एकाच माणसाकडे आल्या की आपोआप मरतं. कव्हेनंटला दोन बाजू लागतात, थेल्मा. स्वतःशी ते करता येत नाही."

"मग काय म्हणाले?"

फेनविकनी चश्मा काढला. "म्हणाले, मग माझ्यामागे तिलाच द्या दोन्ही. मेल्यावर हरलेलं दिसत नाही."

लोक म्हणाले, बघ, बापानं शेवटी तुझं मानलं. मानलं म्हणे! पळाला म्हातारा. मी इतकी वर्षं ज्याच्यावर दात धरून बसले होते, तो दोन्ही चर माझ्या पदरात टाकून निसटला. आता मी लीक लावणार, पहिली येणार, आणि मान वळवून बघणार तर खुर्ची रिकामी. दफनाच्या वेळी सगळे रडत होते आणि मी रागानं थरथरत होते. डेनिसला वाटलं थंडी वाजतेय, त्यानं आपला कोट घातला माझ्या अंगावर.

काचघरातल्या रोपांचं काय करायचं, हे क्लिफनं विचारलं.

"मला वेळ नाही," मी म्हणाले. "माझी मला पुरेत. फेकून दे."

"मी बघतो."

"तू?"

"एवढ्या जांभया दिल्या, त्यातलं काही डोक्यात राहिलं असेल."

मी हसले. कामावरून सुटला की तो येऊ लागला. एप्रिलात त्यानं बाबांच्या चरात बाबांची रोपं लावली, मी आजोबांच्या चरात माझी. त्याच्या खोलीत ओल आली होती, भिंती काळ्या पडल्या होत्या. तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं. दोन पोरं, दोन घरं. मी मनात नक्की केलं, की अकरा नंबर क्लिफच्या नावावर करून द्यायचं. डेनिस म्हणाला, "योग्य आहे." फेनविककडे प्रदर्शनाच्या आठवड्यातलीच वेळ मिळाली.

जूनमध्ये मी भिंतीपलीकडे फारसं बघत नव्हते. जुलैत बघू लागले. क्लिफ शिट्टी वाजवत पानं पुसायचा, बाबांसारखाच, ओल्या फडक्यानं, खालून वर. ऑगस्टमध्ये मी रोज संध्याकाळी भिंतीशी जाऊन उभी राहायचे.

"काय बघतेस?" क्लिफनं विचारलं.

"काही नाही. तुझ्या कोबीला कीड लागलीय का बघतेय."

विल्फनं दोन्हीकडे शिक्के मारले. माझ्याकडे मारताना म्हणाला, "आता तुझ्याच हाती आहे सगळं." क्लिफकडे मारताना काहीच म्हणाला नाही, फक्त टोपी मागे सारली. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

फेनविककडे जायच्या आदल्या दुपारी क्लिफ कामावर होता. मी अकराच्या काचघरात गेले. बाबांची टेप दाराशी खिळ्याला लटकत होती. मी क्लिफचा लीक मोजला. मग भिंत ओलांडून माझा मोजला. मग परत जाऊन क्लिफचा मोजला. पोटात असं दुखलं की मला खाली चराच्या कडेवर बसावं लागलं. जांभया देणारा हा माणूस! बाबांनी पोसलेली रोपं, बाबांचे धडे, सगळं आयतं. आणि मी बटाटे सोलत खिडकीतून बघून शिकले. त्याला घर देत होते ते देत होतेच. त्यातून हात आखडता घ्यायचं एकदाही मनात आलं नाही. पण त्या लीककडे मला बघवत नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

फेनविकनी कागद वाचला. अकरा नंबर, घर आणि परस, थेल्माकडून क्लिफर्डला, प्रेमापोटी. क्लिफ स्वच्छ सदरा घालून आला होता, टोपी मांडीवर.

"आणखी काही अटी?" फेनविकनी सवयीनं विचारलं.

"नाहीत," असं म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते दुसरंच.

"एक आहे. अकरा नंबरच्या जमिनीवर लीक लावायचे नाहीत. आज नाही आणि पुढेही कधी नाही."

फेनविकचं पेन थांबलं. डेनिसनं खुर्चीत अंग चोरलं. क्लिफ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता चिडेल, शिव्या देईल, उठून जाईल. दिल्या असत्या तर चालल्या असत्या, माझी तयारी होती.

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"माझ्या लीकवर?" तो म्हणाला. "कव्हेनंट?"

"हो."

"तू मोजलेस. टेप ओली होती काल."

"मोजले."

"मग?"

मी फेनविककडे पाहिलं, डेनिसकडे पाहिलं. दोघांनीही मदत केली नाही.

"तुझे जाड आहेत."

"पुन्हा म्हण."

"क्लिफ, एक थोबाडीत देईन."

क्लिफनं टोपी उलटीसुलटी केली. त्याचे डोळे भरून आले होते आणि हसू काही जात नव्हतं. "आख्ख्या जन्मात माझ्यावर कुणी जळलं नव्हतं गं, थेल्मा," तो म्हणाला. मग फेनविककडे वळला. "घाला साहेब, बिनधास्त घाला. मोठ्या अक्षरात घाला. सही मी करणार आहे."

"मग इथे करा," फेनविकनी पेन पुढे केलं.

"आज नाही. सोमवारी."

शनिवारी प्रदर्शन होतं.

"आजच कर," मी म्हणाले.

क्लिफनं पेन उचललं, निरखून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. टोपी डोक्यावर घातली, बाबांसारखी, जरा डावीकडे. "मला लीकना पाणी घालायचंय," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवत जिना उतरून गेला.